खारपाण पट्ट्यातील शेततळे व माशांचे खाद्य

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला आहे. तेथील भूगर्भातील पाणी खारे असल्याने पावसाचे पाणी साठविण्यासाठी शेततळी खोदली जातात. तळे भरले की त्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडावी, असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु वर्षभर एकाच मापाने पेंड टाकणाऱ्याची बरीचशी पेंड तळाशी कुजून जाते.

मासा हा शीत रक्ताचा प्राणी आहे. थंडीतही गाईबैलांचे अंग उबदार राहते. माशाचे अंग मात्र भोवतालच्या पाण्याइतकेच गरम वा गार असते. उपर्युक्त तिन्ही जातींना साधारणतः २५ ते ३२ अंश सेल्सिअस उष्णतामान मानवते. त्या वेळी पचन जलद होते व खाल्लेले अंगी लागते. पौष-माघात पाणी २० अंशांच्या खाली उतरले म्हणजे भूक मंदावते आणि वाढ जवळजवळ थांबते. समजा, तळ्यात सरासरी ३०० ग्रॅम वजनाचे १,००० मासे आहेत. त्यांचे एकूण वजन ३०० किलो झाले. शेकडा २ या प्रमाणाने रोज ६ किलो पेंड व कोंडा लागेल. थंडीत हेच प्रमाण शेकडा १ वर, म्हणजे ३ किलोवर आणावे. फार गारठा पडल्यास काही दिवस खाद्य बंद ठेवले तरी मासे मरत नाहीत. उरलेले खाद्य मात्र कुजून पाण्यातील प्राणवायू खाते व अमोनिया निर्माण करते.

उन्हाळ्यात अडचण निराळी असते. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस तो साडेसातपर्यंतच मावतो, आणि खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. माशाची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढत जाते. पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडू लागले, तर त्या सकाळी खाद्य मुळीच टाकू नये.

खारपाण पट्ट्यात यात क्षारांची भर पडते. ऊन पाणी उडवून नेते, क्षार मागेच राहतात. अस्तर घातलेल्या तळ्यातील दोन मीटर पाणी आटून एक मीटर उरले, तर खारेपणा दुप्पट होतो. ती तूट विहिरीच्या खाऱ्या पाण्याने भरून काढली, तर तो आणखी वाढतो. पुष्कळदा नेमकी हीच चूक होते.

समुद्राच्या पाण्यात हजारी सुमारे ३५ भाग क्षार असतात. माशाच्या रक्तातील क्षारांचा जोर हजारी ९-१० भागांच्या पाण्याइतका असतो. म्हणून किंचित खारेपण या माशांना बाधत नाही. हजारी ५ भागांपर्यंत त्यांची वाढ चांगली होते. त्यापुढे मात्र शरीरातील पाण्याचा व क्षारांचा तोल राखण्यातच अन्नाची शक्ती खर्ची पडते, वाढ खुंटते, आणि खाद्य वाढवूनही उपयोग होत नाही. ज्यांचे पाणी मुळातच अधिक खारे आहे, त्यांनी कोळंबीचा विचार करण्यास हरकत नाही. परंतु भूगर्भातील खाऱ्या पाण्यात समुद्राच्या मानाने पालाश बहुधा कमी असते व त्यावाचून कोळंबी तग धरत नाही, म्हणून आधी पाण्याचे पृथक्करण करून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने तळ्यावर जाताना तापमापक बरोबर न्यावा, व सकाळ-दुपारचे उष्णतामान शेतकऱ्याकडून वहीत लिहवून घ्यावे. खाद्य टोपलीत घालून पाण्यात सोडावे आणि दोन तासांनी टोपली वर काढून पाहावी. खाद्य शिल्लक असल्यास दुसऱ्या दिवशी तितके कमी करावे. फाल्गुनापासून पंधरा दिवसांनी पाण्याचा खारेपणा तपासावा. तो हजारी ५ भागांकडे सरकू लागला आणि जवळपास गोडे पाणी नसले, तर विक्रीजोगे मासे वैशाखाची वाट न पाहता काढून बाजारात न्यावेत.