ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे तेल व फिल्टर : घरच्या घरी बदलण्याची रीत

ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेल वेळेवर बदलण्याची सवय आता गावोगावी रुजली आहे. परंतु आसनाखालच्या मोठ्या पेटीत, म्हणजे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांच्या सामाईक टाकीत जे तेल असते, ते वर्षानुवर्षे तसेच राहिलेले आढळते. हे तेल जळत नाही व सहसा कमीही होत नाही. म्हणून ते खराब होत नाही, असा समज आहे. हा समज महागात पडतो. मृगाचा पाऊस होऊन रानाला वापसा यावा आणि नेमके त्याच दिवशी लिफ्टने पेरणीयंत्र उचलू नये, असे झाले तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर पेरणीचे मोलाचे दिवसही हातचे जातात. ही आपत्ती बव्हंशी टाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी लागणारे काम सपाट अंगण, स्वच्छ भांडी आणि अर्ध्या दिवसाची सवड एवढ्यावर शेतकऱ्याला स्वतः करता येते.

एकच तेल, चार कामे

आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन यांची हायड्रॉलिक तीन-टेकू जोडणी १९३९ साली फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरवर आली. त्या ट्रॅक्टरमध्ये गिअरला वंगण देणारे तेलच अवजारे उचलू लागले. आजच्या पुष्कळ ट्रॅक्टरांची रचना याच तत्त्वावर आहे. हे तेल गिअरच्या दातांना वंगण देते, पंपातून दाबाने जाऊन अवजार उचलते, उष्णता वाहून नेते आणि ज्या ट्रॅक्टरांत तेलात बुडालेले ब्रेक असतात तेथे ब्रेकच्या चकत्यांनाही थंड ठेवते. काही ट्रॅक्टरांत मात्र गिअरबॉक्स व हायड्रॉलिक यांचे तेल वेगवेगळे असते. आपला ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा आहे, हे माहितीपुस्तिकेत प्रथम पाहून घ्यावे.

गिअरचे दात थोडा कचरा सहन करतात. हायड्रॉलिक पंप करीत नाही. त्याच्या भागांमधील फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. त्यात धातूचा कीस किंवा माती शिरली की पंप झिजतो व दाब उतरतो. म्हणूनच पंपाच्या वाटेवर जाळी किंवा फिल्टर बसविलेला असतो. तो तुंबला तर पंपाला तेल अपुरे पडते, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि लिफ्ट धक्के देत, सावकाश उठते. हा आवाज म्हणजे पुढील मोडतोडीची पूर्वसूचना होय.

केव्हा व कोणते तेल

तेल बदलण्याची मुदत वर्षांवर नव्हे, तर कामाच्या तासांवर मोजावी. अनेक ट्रॅक्टरांसाठी ती सुमारे १००० तास दिलेली असते. नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल काही ठिकाणी बराच लवकर सांगितलेला असतो. माहितीपुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. वर्षाला ५०० तास चालणारा ट्रॅक्टर १००० तासांची मुदत दोन वर्षांत गाठतो. भाड्याने १००० तास चालणारा ती एका वर्षातच गाठतो. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरचे तेल मात्र तासांची वाट न पाहता हंगाम संपताच तपासावे.

तेलाची निवड हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. तेलात बुडालेल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला खास ट्रॅक्टरसाठी तयार केलेले, ‘यूटीटीओ’ या नावाने ओळखले जाणारे तेल लागते. त्यातील द्रव्ये ब्रेकची पकड राखतात. त्याऐवजी साधे ९० नंबरचे गिअर ऑईल भरल्यास ब्रेक करकरतात किंवा नीट लागत नाहीत आणि थंडीच्या सकाळी घट्ट झालेले तेल जाळीतून पुरेसे खेचले जात नाही. कोरड्या ब्रेकच्या जुन्या ट्रॅक्टरांची गरज निराळी असू शकते. मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तांबडे तेल काही ट्रॅक्टरांच्या पॉवर स्टिअरिंगला चालते; तेवढ्यावरून ते गिअरबॉक्समध्ये ओतू नये. डब्यावर पुस्तिकेत दिलेला दर्जा छापलेला आहे, हे पाहूनच खरेदी करावी. टाकीत बहुधा ३० ते ६० लिटर तेल मावते. तेव्हा नेमके माप आधी पाहावे व तेवढे तेल, नवा फिल्टर, ओ-रिंग आणि प्लगचे वॉशर घरी आणल्यावरच जुना प्लग खोलावा.

तेल काढणे

प्रथम ट्रॅक्टर अर्धा तास कामावर चालवून तेल कोमट करावे. कोमट तेल पातळ असते व तळाचा गाळ बरोबर घेऊन बाहेर पडते. ते हात भाजण्याइतके गरम मात्र नसावे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून अवजार सोडावे, लिफ्टचे हात पूर्ण खाली आणावे, इंजिन बंद करून किल्ली काढावी, हँडब्रेक लावावा आणि चाकांना पुढून-मागून दगडांची ओट द्यावी. उचललेल्या अवजाराखाली कोणीही कधीही जाऊ नये.

प्लग, फिल्टर आणि तेल भरण्याचे तोंड यांभोवतीची माती ब्रश व डिझेलने धुऊन पुसून घ्यावी. त्यानंतर तेल भरण्याचे झाकण आधी उघडावे. त्यामुळे हवा आत जाऊन तेल नीट उतरते. शिवाय हे झाकण गंजून अडकले असेल, तर ते टाकी रिकामी होण्यापूर्वीच कळते. आता खालचा प्लग सोडावा. काही ट्रॅक्टरांना असे दोन किंवा अधिक प्लग असतात. एखादा राहिला तर बरेच जुने तेल आत उरते. संपूर्ण तेल मावेल एवढी भांडी आधीच मांडून ठेवावी.

जुने तेल काय सांगते

निघालेले तेल पाहिल्याखेरीज बाजूस ठेवू नये. ते ताकासारखे पांढुरके दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे. शंका वाटल्यास लोखंडी पत्र्याचा तुकडा तापवून त्यावर तेलाचा एक थेंब टाकावा. तो तडतडला तर पाणी आहे असे समजावे. हा प्रयोग तेलाच्या भांड्यांपासून दूर, डोळे सांभाळून करावा.

प्लगला लोहचुंबक असल्यास त्यावरील राखी रंगाचा मऊ थर ही नेहमीची झीज होय; तो पुसून टाकावा. परंतु टोकदार तुकडे किंवा दाताच्या कपच्या आढळल्यास गिअर फुटू लागले आहेत. पिवळे कण पितळी बुशची, रबराचे तुकडे सीलची, तर काळे तंतू ब्रेकच्या चकत्यांची झीज दाखवितात. अशा वेळी नवे तेल भरून काम पुढे रेटू नये. कुशल मिस्त्रीस दाखवावे.

फिल्टर व जाळी

धातूची जाळी डिझेलमध्ये धुऊन, आतून बाहेर हवा मारून पुन्हा वापरता येते. फाटली असल्यास बदलावी. कागदी फिल्टर कधीही धुऊ नये, तो बदलावाच. नवा फिल्टर लावण्यापूर्वी जुनी रबरी रिंग बसण्याच्या जागी चिकटून राहिलेली नाही, याची खात्री करावी. दोन रिंगा एकावर एक आल्यास तेल गळते. नव्या रिंगेला तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच फिरवावा आणि रिंग टेकल्यावर फिल्टरवर छापलेल्या सूचनेइतकाच आवळावा. जाळीच्या झाकणाची ओ-रिंगही नवी असावी. येथून हवा शिरली तर तेलास फेस येतो व लिफ्ट थरथरते. पुसण्यासाठी धागे न सुटणारे सुती कापड वापरावे.

नवे तेल भरणे

नवा वॉशर घालून प्लग बसवावा. बारीक जाळीच्या स्वच्छ नरसाळ्यातून मापाने तेल भरावे. टाकीत तेल भरल्याशिवाय इंजिन क्षणभरही सुरू करू नये. कोरडा पंप फार लवकर खराब होतो. नंतर इंजिन मंद गतीवर काही मिनिटे चालवून लिफ्ट अनेकदा वर-खाली करावी. इंजिन बंद करून, लिफ्टचे हात खाली आणून, तेल स्थिरावल्यावर मापकाठी पाहावी व कमी असल्यास भर घालावी. तेल खुणेच्या वरही नसावे. जादा तेल घुसळून तापते, फेसाळते आणि सीलमधून बाहेर येते.

पाणी व माती येतात कोठून

कोकणात किंवा भंडारा-गोंदियाच्या भातखाचरांत तापलेला ट्रॅक्टर पाण्यात उतरतो, तेव्हा पेटीतील हवा थंड होऊन आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. पेटीला हवा खेळती राहण्यासाठी असलेला ब्रीदर मातीने बुजला असेल तर हा धोका वाढतो. म्हणून चिखलणीपूर्वी ब्रीदर, मापकाठीची रिंग, गिअर दांड्यांवरील रबरी आवरणे व पीटीओचे सील तपासावे. ट्रॅक्टर धुताना ब्रीदरवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये.

आणखी एक मार्ग दुर्लक्षित राहतो, तो हायड्रॉलिक ट्रॉलीचा. ट्रॉली उचलताना ट्रॅक्टरचेच तेल तिच्या सिलिंडरमध्ये जाते व परत येते. एकच ट्रॉली अनेक ट्रॅक्टरांना जोडली गेली की एकाचे घाणेरडे तेल दुसऱ्यात मिसळते. नळीचे तोंड प्रत्येक वेळी पुसून जोडावे, सुटी नळी टोपणाने झाकावी आणि शक्यतो परक्या ट्रॉलीची अदलाबदल टाळावी.

काय करू नये

दाबाचा झडप-स्क्रू फिरविणे किंवा लिफ्टचे झाकण खोलणे हे घरचे काम नव्हे. हमीच्या मुदतीत तर सर्व काम अधिकृत सेवाकेंद्रातच करून पावती जपावी. जुने तेल ओढ्यात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये, जाळू नये व जनावरांच्या जखमांना लावू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते झाकणाच्या डब्यांत साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच पोहोचेल, अशी व्यवस्था करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

वैशाखात, पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी, गावात एका ट्रॅक्टरवर हे प्रात्यक्षिक घडवून आणावे. जुने व नवे तेल दोन काचेच्या बाटल्यांत शेजारी ठेवल्यास अर्धे काम होते. प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने तेल बदलल्याची तारीख, तासमीटरचा आकडा व तेलाचा दर्जा एका वहीत टिपून ठेवावा आणि पुढील बदलाचा तास खडूने नव्हे, रंगाने मडगार्डच्या आतील बाजूस लिहावा. ट्रॅक्टर चालविणारा बदलला तरी हा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर राहील.