स्वयंपाकघरातील घसारा

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार यंत्रांचा घसारा दरसाल हिशेबात धरतात. आपल्या स्वयंपाकघरात मात्र घसारा नावाची गोष्टच नाही. गॅसची रबरी नळी, तडा दिसो वा न दिसो, पाच वर्षांनी बदलावी, असे तेल कंपन्या सांगतात. प्रस्तुत लेखकाच्या घरची नळी परवा तारीख पाहता सात वर्षांची निघाली!

गळतीचा इशारा देणारे यंत्र याहून फसवे. कळ दाबली की ते वाजते आणि आपण निश्चिंत होतो. परंतु ती कळ बहुधा भोंग्याचीच परीक्षा घेते, वायू ओळखणाऱ्या घटकाची नव्हे. हे यंत्र साधारणतः पाच-सात वर्षांत, धुराचे दहा वर्षांत मोडीत काढावे लागते.

पण बदलायचे कोणी? अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार पाच वर्षांच्या वस्तूवर पैसा का घालील? घरमालक तेथे राहत नाही; धोका त्याचा नाही. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशा व्यवहारात वस्तू जुनीच राहते. तेव्हा करारनाम्यात पंखे-दिव्यांच्या यादीशेजारी नळीची व यंत्राची तारीखही लिहावी, आणि मुदत संपताच खर्च मालकाचा, असे कलम घालावे.