बुडणारा माणूस ओरडत नाही!

दोस्तांनो, ‘बेवॉच’ हे नाव आईबाबांसमोर घेऊन बघा. दोघं एकमेकांकडे बघून हसतील! नव्वदच्या दशकात आपल्याकडे केबल टीव्ही आला आणि त्याबरोबर ही अमेरिकन मालिकाही घराघरांत पोचली. लाल पोहण्याच्या पोशाखातले लाइफगार्ड, म्हणजे जीवरक्षक, वाळूतून धावायला लागले, की घरातलं कुणीतरी मोठं माणूस झटकन चॅनल बदलायचं. त्यामुळे पुष्कळांनी ती अर्धीमुर्धीच पाहिली.

गोष्ट लॉस एंजेलिसच्या समुद्रकिनाऱ्यावरची. १९८९मध्ये सुरू झालेली मालिका पहिल्याच वर्षानंतर बंद पडली, १९९१मध्ये पुन्हा उभी राहिली आणि पुढे २००१पर्यंत चालली. डेव्हिड हॅसलहॉफने रंगवलेला मिच बुकॅनन हा तिचा नायक. तिच्या तीन निर्मात्यांपैकी ग्रेगरी बोनान हा स्वतः लॉस एंजेलिसचा लाइफगार्ड होता. म्हणूनच तर मला या मालिकेचा जास्त राग येतो. खरं काय ते माहीत असणारा माणूस हाताशी होता ना!

त्यांचं ते सावकाश, स्लो मोशनमधलं धावणं आपण सोडून देऊ. (बुडणारा बिचारा तिकडे वाट बघत असतो!) खरी चूक पाण्यात आहे. मालिकेतला बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात बुडणं बहुतेक वेळा गुपचूप घडतं. न्यूयॉर्कचा लाइफगार्ड फ्रँक पिया याने बुडणाऱ्या माणसांचं बारकाईने निरीक्षण केलं. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, त्यामुळे जेमतेम श्वास घेता येतो. मग ओरडणार कुठून? हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, ते वर करून हलवता येत नाहीत. साधारण २० ते ६० सेकंदांत सगळं संपतं. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला वाटतं, हा खेळतोय!

आपल्याला हे ठाऊक असायलाच हवं. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. दर सुट्टीत आपण कोकणात, गोव्यात जातो आणि ‘गुडघाभर तर पाणी आहे’ म्हणत आत शिरतो. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाताना कधी कधी एका चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात आत ओढून नेतं. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. त्यामुळे तीच जागा शांत दिसते आणि मुलं नेमकी तिथेच उतरतात! अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचं. ते जमत नसेल तर उताणं तरंगत राहून मदतीसाठी हात वर करायचा.

आणखी एक तक्रार. मालिकेत तोंडाने दोन-चार वेळा श्वास दिला, की माणूस खोकतो, डोळे उघडतो आणि पुढच्या प्रसंगात हसत बसलेला असतो. खरं तर बुडून बाहेर काढलेला माणूस शुद्धीवर आला, तरी त्याला दवाखान्यात न्यायलाच हवं.

एक गोष्ट मात्र मालिकेने अगदी बरोबर दाखवली आहे. प्रत्येक लाइफगार्डच्या हातात असतो तो लाल, लांबट, तरंगणारा डबा! ती शोभेची वस्तू नाही. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्याच अंगावर चढतो आणि दोघंही बुडतात. म्हणून लाइफगार्ड तो डबा आधी पुढे सरकवतो आणि स्वतः हातभर लांब राहतो. इतकं शिकलेला, दणकट माणूसही रिकाम्या हाताने जवळ जात नाही. मित्र गटांगळ्या खात असेल तर तुम्ही उडी मारू नका. आरडाओरडा करून मोठ्यांना आणि जीवरक्षकांना बोलवा, कुणाला तरी ११२ नंबर लावायला सांगा आणि हाताला येईल ते तरंगणारं त्याच्याकडे फेका. मग तो दोर बांधलेला, झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा डबा असला तरी चालेल.