गाडी सजली, पट्टा कुठे गेला?

दसऱ्याच्या सकाळी शिरूर किंवा दौंडमध्ये एक फेरफटका मारा. दारोदारी छोटी गाडी धुऊन-पुसून उभी असते. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली, तेव्हापासून मध्यमवर्गीय घरात गाडी म्हणजे घरातलंच एक माणूस. मीही त्याच पंथातला. रविवारी गाडी धुवायला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

याच हौसेपायी माझ्या हातून एक चूक झाली. गाडी घेतल्याबरोबर जाड सीट कव्हर बसवून घेतली. मागच्या पट्ट्यांची बकलं त्याखाली गेली आणि आम्ही ती विसरून गेलो. ऐन गळीत हंगामात एका संध्याकाळी आईला घेऊन दौंडहून चौफुला, न्हावरेमार्गे शिरूरला येत होतो. पुढे उसाची ट्रॉली होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. दिसली ती अगदी जवळ गेल्यावरच. करकचून ब्रेक दाबला, धडक टळली. पण मागे बसलेली आई पुढच्या सीटवर आदळली. कपाळाला टाके घालावे लागले. मी पट्टा लावला होता, मला साधं खरचटलंही नाही. अपघाताचे रुग्ण तपासण्यात आयुष्य गेलेल्या डॉक्टरच्या घरातली ही गोष्ट.

शरीराला ब्रेक नसतो

गाडी थांबली तरी आतलं शरीर त्याच वेगानं पुढे जातं. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर शरीरावर वजनाच्या साधारण १४ पट जोर येतो. मांडीवरचं १० किलोचं बाळ त्या क्षणी १४० किलोंचं होतं. कितीही घट्ट धरलं तरी ते हातात राहत नाही. मागे पट्ट्याविना बसलेला माणूस स्वतः तर जखमी होतोच, पुढच्यालाही चिरडू शकतो.

छोट्या गाडीत धोका जास्त. तिचा पुढचा भाग आखूड असतो, त्यामुळे धक्का शोषून घ्यायला जागा कमी. शिवाय अवजड वाहनाशी टक्कर झाली, तर जोराचा झटका हलक्या गाडीलाच बसतो.

पट्टा हाडांवर हवा

तीन ठिकाणी धरणारा आजचा पट्टा व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला. तो हा जोर कमरेचं हाड, छाती आणि खांदा यांवर वाटून देतो. खालचा पट्टा पोटावर सरकला, तर आतडी, यकृत, प्लीहा यांना इजा होऊ शकते. म्हणून तो मांड्यांच्या लगत, कमरेच्या हाडावर हवा. गर्भवतींनी तो पोटाच्या खालून घ्यावा. वरचा पट्टा स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेनं. साडी चुरगळली तर इस्त्री करता येते.

एअरबॅग ही पट्ट्याची जोडीदार आहे, पर्याय नव्हे. ती डोळ्याचं पातं लवण्याआत, प्रचंड जोरानं उघडते. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेल्या मुलासाठी ती जीवघेणी ठरू शकते. लहान मुलांची जागा मागेच, तीही वयाला आणि वजनाला साजेशा बालआसनात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्टा किंवा बालआसनाविना असेल, तर एक हजार रुपये दंड आहे. पण प्रश्न दंडाचा नाही.

हौस करा, पण जपून

पुढे लावलेल्या लोखंडी बुलबारमुळे धक्का शोषून घेण्याची गाडीची रचना बिघडते, एअरबॅगचे सेन्सरही चुकू शकतात. साइड एअरबॅग असलेल्या सीटवर साधं कव्हर घालू नका. पट्ट्याची 'टिंग-टिंग' बंद करणारी क्लिप तर फेकूनच द्या. ऑनलाइन बाजारातून ती हटवण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ मध्ये द्यावे लागले होते.

आता आई गाडीत बसली की आधी पट्टा ओढते, मग देवाचं नाव घेते. या रविवारी गाडी धुताना तुम्हीही मागच्या सीट कव्हरखाली एकदा हात घाला. बकलं तिथंच असतील.