मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

परदेशी ग्राहकाशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला अंतराचा आणि वेळेचा हिशेब पक्का ठाऊक असला पाहिजे. तो चुकला तर माल चोख असूनही सौदा हातचा जातो.

मुंबई व न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ यांतील सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ही सरळ वाट सपाट नकाशावर पट्टी ठेवून सापडत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो मध्य आशिया, रशिया, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड असा उत्तरेकडून जातो. सर्वांत जवळची वाट तीच.

मात्र प्रत्येक विमानाला ती मिळतेच असे नाही. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. वळसा वाढला की इंधन आणि वेळ दोन्ही वाढतात.

मोठे विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर उडते. या हिशेबाने १४ तास पुरावेत. प्रत्यक्षात जाताना १५ ते १६ तास लागतात, येताना साधारण १४ ते १५. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो जाताना आडवा येतो, येताना मागून ढकलतो.

आता घड्याळ पाहू. न्यूयॉर्क आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास असते. हिवाळ्यात मुंबईहून रात्री २ वाजता निघून १६ तास सफर केली, तर तेथे त्याच दिवशी सकाळचे ७.३० वाजलेले असतात. तिकिटावर प्रवास साडेपाच तासांचाच दिसतो! परतताना दुपारी १२ला निघून साडेचौदा तासांनी उतरलो, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीची दुपारी १ची वेळ असते. म्हणजे तिकिटावर २५ तास.

तेथील घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे केले जाते. या एका तासाने मला चांगलाच धडा दिला. चादरींचे भाव त्यांच्या संध्याकाळी ५ पर्यंत कळवायचे होते. मी जुन्या हिशेबाने आपल्या पहाटे ३ वाजता पाठवले. मार्चचा तो रविवार होऊन गेला होता, तेथे साडेपाच वाजले होते. ऑर्डर दुसऱ्याला गेली. दोष कोणाला देणार?

दुबईमार्गे गेल्यास अंतर फारसे वाढत नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९०० आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर आहे. पण मधल्या मुक्कामाचे तास वाढतात. त्यात विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे आणि उतरल्यावरची तपासणी धरा.

म्हणून व्यापारी बांधवांनी पोहोचण्याच्या दिवशीच भेट ठरवू नये. एक दिवस हातात ठेवावा. आणि वेळ लिहिताना ‘मुंबईची’ की ‘न्यूयॉर्कची’ हे न चुकता लिहावे.