उलटं मोजायचं गणित

"मावशी, माझी पाळी कधी 32 दिवसांनी येते, कधी 45. मग माझा चौदावा दिवस कोणता?"

जबलपूरहून भाचीचा फोन होता. लग्नाला दीड वर्ष झालंय. नवरा रेल्वेत, ड्युटी कधी कटनीला, कधी इटारसीला. मोबाइलमधलं ॲप दर महिन्याला चौदाव्या दिवसाभोवती गोल काढतं. त्या दिवशी घरी राहता यावं म्हणून तो ड्युटी बदलून घेतो. मग महिना उलटतो, पाळी येत नाही, आशा वाटू लागते, आणि चाचणी निगेटिव्ह येते. सासरी आता कुणी काही विचारत नाही. तिला तेच जास्त लागतं.

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर 100 वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. जपानमधल्या निगाता शहरात क्युसाकू ओगिनो नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. शस्त्रक्रिया करताना दिसणारी अंडाशयाची अवस्था आणि त्या स्त्रीच्या पाळीच्या तारखा यांचा मेळ ते घालत गेले. 1924 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: अंडं बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या आधी 12 ते 16 दिवस. मोजणी मागच्या पाळीपासून पुढे करायची नाही, पुढच्या पाळीपासून मागे करायची. कारण पाळी लांबते ती बहुतेक वेळा पूर्वार्धात, अंडं तयार होण्याच्या काळात. अंडं फुटल्यानंतरचे दिवस त्यामानानं ठरलेले असतात.

म्हणजे चौदावा दिवस हे 28 दिवसांच्या चक्राचं उत्तर झालं. 45 दिवसांच्या चक्रात अंडं साधारण एकतिसाव्या दिवशी फुटेल. आपल्याकडे जुन्या हिशेबानं ऋतुकाल पाळीच्या पहिल्या दिवसापासून 16 रात्रींचा धरत. नियमित पाळीला तो बराचसा जुळतो. माझ्या भाचीच्या बाबतीत मात्र त्या 16 रात्री सरल्यावर खरी वेळ यायची असते.

अडचण उघड आहे. पुढची पाळी कधी येणार हेच माहीत नसेल, तर मागे मोजणार कुठून? इथे ॲपचाही इलाज चालत नाही. ते मागच्या महिन्यांची सरासरी काढतं, आणि अनियमित पाळीला सरासरी लागू पडत नाही. ग्वारीघाटावर नर्मदेला पाणी किती चढलं हे पाहायला कुणी पंचांग उघडत नाही, पायऱ्या किती बुडाल्या ते बघतात. शरीराकडेही तसंच बघायचं.

पहिली खूण अंगावरून जाणाऱ्या पाण्याची. पाळीनंतर काही दिवस कोरडेपणा असतो, मग चिकट, पांढुरकं जातं. अंडं फुटायच्या सुमारास ते पारदर्शक आणि निसरडं होतं. भेंडी चिरताना जशी तार सुटते, तशी दोन बोटांत तार धरतं. या खुणेला खर्च नाही आणि ती वेळेआधी सांगते. आपल्या मुलींना मात्र अंगावरून जाणं म्हणजे आजार किंवा अशक्तपणा एवढंच शिकवलेलं असतं, म्हणून ही खूण लपवली जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. खाज, दुर्गंधी किंवा हिरवट रंग असेल तर तो संसर्ग, त्यासाठी डॉक्टर हवेत. बाकी हे शरीराचं निरोगी बोलणं आहे.

सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तापमान घेण्याची पद्धतही आहे. अंडं फुटल्यावर ते साधारण 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसनं वाढतं आणि पाळीपर्यंत तसंच राहतं. पण ते घडून गेल्यावर कळतं. शिवाय जागरण किंवा ताप असेल तर आकडे बिघडतात. जबलपूरच्या खमरिया कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बाईला तर हे जवळजवळ अशक्यच.

मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या लघवीच्या पट्ट्या एलएच हे संप्रेरक उसळलं की दाखवतात; त्यानंतर 24 ते 36 तासांत अंडं फुटण्याची शक्यता असते. सुरुवात कधी करायची? आपल्या सर्वांत लहान चक्रातून 17 वजा करायचे. 32 असेल तर पंधराव्या दिवसापासून. पण पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, असलेल्या अनेकींचं एलएच मुळातच चढं असतं. पट्टी पुन्हापुन्हा होकार देते आणि अंडं फुटतच नाही. भाचीच्या कपाटात अशा पट्ट्यांची दोन खोकी निघाली.

मग करायचं काय? पुरुषबीज अनुकूल स्रावात 5 दिवसांपर्यंत जगतं, अंडं मात्र जेमतेम दिवसभर. म्हणून संधीचे दिवस सहा: अंडं फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. दिवस नेमका पकडता येत नसेल तर महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी जवळ यावं, एवढं पुरेसं आहे. घड्याळ लावून आलेल्या जवळिकीनं जोडप्यांचं काय होतं ते मी पाहिलंय. नवरा चार दिवस इटारसीला असेल तर तो परतल्यावर सुरू करावं, मध्ये हुकलेल्या रात्रींचा हिशेब मांडू नये.

पाळी 35 दिवसांपेक्षा लांबत असेल किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर वर्षभर वाट पाहायची नाही, लगेच तपासायचं. जबलपूरला त्यासाठी एल्गिन हॉस्पिटल आहे, मेडिकल कॉलेज आहे, राइट टाउनमध्ये दवाखान्यांची रांग आहे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याच्या वीर्याची तपासणी. ती साधी, स्वस्त तपासणी सर्वांत शेवटी होते, कारण दोष बाईचाच असं घरानं आधीच ठरवलेलं असतं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. "एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन" ही रक्ततपासणीही 28 दिवसांच्या चक्रासाठीच आहे. ती अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. 40 दिवसांचं चक्र असेल तर तेहतिसाव्या दिवशी. एकविसाव्या दिवशी केली तर आकडा कमीच येणार, आणि अंडंच तयार होत नाही असा शिक्का बसणार.

पीसीओएसमध्ये डॉक्टर बहुधा लेट्रोझोलच्या गोळ्या पाच दिवस देतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 750 स्त्रियांवरच्या अमेरिकी अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्या 27.5 टक्के जणींना बाळ झालं, जुनं क्लोमिफेन घेणाऱ्यांत 19.1 टक्के. मग फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे दिवसाआड सोनोग्राफी. बीजकोश रोज साधारण 2 मिलिमीटर वाढतो आणि 18 ते 24 मिलिमीटरच्या आसपास फुटतो. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्क्यांनी उतरल्यावरही अनेकींची पाळी आपोआप मार्गी लागते. फॉलिक ॲसिड मात्र आजपासूनच, रोज 400 मायक्रोग्रॅम.

"पण दिवस राहिले तर मला कळणार कसं?" भाचीनं शेवटी विचारलं. "माझी पाळी तर नेहमीच चुकलेली असते." तेही उलटंच मोजायचं. तार धरणारं पाणी थांबलं किंवा सोनोग्राफीत अंडं फुटलेलं दिसलं, तिथून साधारण 15 दिवसांनी चाचणी करायची. निगेटिव्ह आली आणि पाळीही नाही आली, तर आठवड्यानं पुन्हा. आणि पॉझिटिव्ह आली तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायचं की माझी पाळी अनियमित आहे. नाहीतर शेवटच्या पाळीवरून काढलेली बाळंतपणाची तारीख दोन-तीन आठवडे आधीची निघते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजतात. तिच्यावरून निघालेली तारीख फाइलवर लिहून घ्यायची.