फुकटच्या भाजीचं काय करायचं?

फूड बँकेतून मिळालेली भाजी घरी जाऊन शिजतेच असं नाही. सॅन होजेतल्या एका चर्चच्या आवारात धान्य-भाजीचं वाटप होतं, तिथे चव दाखवायचं टेबल मी सांभाळते. मी आहारतज्ज्ञ नाही. हाताला चव आहे आणि बोलायला कुणी लागत नाही, एवढ्या भांडवलावर हे काम पदरात पडलं.

फूड बँक म्हणजे घाऊक कोठार आणि पॅन्ट्री म्हणजे प्रत्यक्ष वाटपाची जागा. आपल्याकडचं मार्केट यार्ड आणि गल्लीतलं किराणा दुकान समजा. अशी पहिली बँक जॉन व्हॅन हेंगल यांनी १९६७ साली अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये काढली. आमच्या सिलिकॉन व्हॅलीतली ‘सेकंड हार्वेस्ट’ १९७४ पासूनची. एवढ्या श्रीमंत गावात फूड बँक कशाला, असं पुण्याहून आलेले पाहुणे हमखास विचारतात. घरभाडं बघा म्हणावं! भाडं चुकवता येत नाही, मग काटछाट होते ती भाजी-फळांत. रांगेत सफाई कामगार असतात, शाळेतल्या मदतनीस असतात, म्हातारी जोडपी असतात. अधूनमधून मराठीही कानावर येतं. अशा वेळी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा आपला लाडका प्रश्न मी गिळते. ओळख निघाली की माणूस संकोचतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

माल बराचसा शेतांतून येतो. वाकडी गाजरं, डाग पडलेली सफरचंदं, म्हणजे दुकानदाराला नको असलेलं पण खायला उत्तम. चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला १९९६च्या एका कायद्याने कोर्टकचेरीपासून संरक्षण दिलं. कॅलिफोर्नियात तर मोठ्या सुपरमार्केटांना उरलेलं खाण्याजोगं अन्न फेकण्याऐवजी देण्याची सोय करणं २०२२ पासून बंधनकारक आहे.

पण पिशवीत बटरनट भोपळा आला की बायका तो हळूच परत ठेवतात. दगडासारखी साल, कोण सोलणार? म्हणून पाककृतीचा कागद हातात देण्याआधी मी विचारते, ‘घरी काय आहे?’ काही कुटुंबं एका भाड्याच्या खोलीत राहतात. गॅस नाही, फक्त मायक्रोवेव्ह. त्यांच्यासाठी युक्ती अशी: भोपळ्याला काट्याने चहूकडून भोकं पाडा, अख्खाच तीन-चार मिनिटं फिरवा. साल नरमते, सुरी सहज चालते. मग दोन भाग करून बिया काढायच्या आणि थोडं पाणी घालून, झाकण ठेवून मऊ शिजवायचा. मी त्याचं चक्क दह्यातलं भरीत करते, हिरवी मिरची घालून. दाण्याचं कूट मात्र नाही. इथे शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची धास्ती. कागदी वाटीत दोन चमचे वाढले की मेक्सिकन आज्या चाखतात, लिंबू हवं म्हणतात, आणि भोपळा पिशवीत जातो. पोषणाचं भाषण ऐकून तो गेलेला मी पाहिलेला नाही.

डब्यांचं शिक्षणही तिथेच उभ्याउभ्या होतं. लेबलवर सोडियमपुढे ५ टक्के किंवा कमी असेल तर कमी मीठ, २० किंवा जास्त असेल तर भरपूर, एवढं एक गणित रक्तदाबवाल्यांना पुरतं. डब्यातला राजमा चाळणीत ओतून पाण्याखाली धुतला तर ४० टक्क्यांपर्यंत सोडियम निघून जातं. जास्त मिठाचा डबा परत ठेवायला मी सांगत नाही. मिळालंय ते नीट कसं खायचं, हे सांगणं जास्त उपयोगाचं.

असल्या शिक्षणासाठी अमेरिकेत ‘स्नॅप-एड’ नावाची सरकारी योजना होती. २०२५च्या कायद्याने तिचा निधीच बंद केला. मधुमेहाच्या औषधांवर खर्च करायचा आणि भोपळा शिजवायला शिकवणाऱ्याचे पैसे कापायचे, याला माझ्या मते काटकसर म्हणत नाहीत.

इथल्या मराठी मंडळींना एवढंच सांगणं: कपाटातले मुदत संपत आलेले डबे आणून देण्यापेक्षा पैसे द्या, फूड बँक घाऊक भावात त्यातून कितीतरी जास्त घेते. आणि हात द्यायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरात नको, तेव्हा स्वयंसेवकांची रीघ असते. जून-जुलैत या. शाळा बंद असतात, मुलांचं शाळेतलं रोजचं जेवण थांबतं आणि रांग वाढते.